टायरच्या तारा, वाडीचं गोडाऊन आणि काँक्रीटचे लाडू

मागच्या रविवारी स्कूटरची डिक्की साफ करत होतो तर पेट्रोलच्या पावत्यांखाली कागदाची एक पुडी सापडली. उघडली तर आत मूठभर तारा, काळपट, केसाहून थोड्या जाड, एकमेकीत गुंतलेल्या, काहींना अजूनही रबराचा चुरा चिकटलेला. एक तार लगेच अंगठ्यात घुसली. म्हटलं चला, आता हे लिहूनच टाकू, दीड वर्षापासून लिहीन लिहीन म्हणतोय आणि राहतंय.

या तारा म्हणजे ट्रकच्या जुन्या टायरमधलं स्टील. नागपूरजवळच्या वाडीतल्या एका गोडाऊनच्या फ्लोअरमध्ये सळईची जाळी न बांधता मी या टाकल्या होत्या. काँक्रीटच्या पहिल्या गाडीला पार फजिती झाली, म्हणजे एक अख्खं पॅनल, फ्लोअरचा एक चौकोन, फोडून फेकावं लागलं आणि तेही माझ्या पैशाने, आणि नंतरच्या साडेपाच गाड्या नीट गेल्या. यूट्यूबवर कचऱ्यातून सोनं टाईपचे व्हिडिओ भरपूर आहेत, त्यात सगळं दाखवतात, फक्त चाळणी कोणी दाखवत नाही. मी मुख्यतः चाळणीबद्दल लिहिणार आहे.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी, मी नागपुरात छोटी सिव्हिलची कामं घेतो. गोडाऊनचे फ्लोअर, कंपाउंड, पार्किंग, फॅक्टरीच्या आतले रस्ते. ट्रिमिक्स, म्हणजे ओल्या काँक्रीटमधलं जास्तीचं पाणी व्हॅक्युमने ओढून केलेला फ्लोअर, हा आपला मेन धंदा. हिंगणा, वाडी, बुटीबोरी, कळमना एवढाच इलाखा. पुस्तकी माणूस नाही, तीन वर्षांचा डिप्लोमा चार वर्षांत केलाय.

काँक्रीटमध्ये मिसळायच्या अशा तारांना फायबर म्हणतात. तर आधी हे फायबर लागतंच कशाला ते सांगतो. काँक्रीट दाबाला पैलवान आहे आणि ताणाला पापड. ताणातली ताकद दाबाच्या जेमतेम दहावा हिस्सा, म्हणून सळई. पण जमिनीवर टेकलेल्या फ्लोअरमध्ये जी सिंगल जाळी टाकतात ती वजन पेलायला कमी आणि भेगा आवळून धरायला जास्त असते, आणि ती जाळी खरं तर वरच्या बाजूला पाहिजे कारण भेग वरून उघडते, पण साईटवर काय होतं तर लेबर तिच्यावरूनच चालतात, जाळी उचलून धरणारे कव्हर ब्लॉक सटकतात, नळी ओढताना दोन माणसं तिच्यावर उभी असतात आणि शेवटी जाळी खालच्या पॉलिथिनवर आरामात झोपलेली असते. हे प्रत्येक फ्लोअरवाल्याला माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. बिलात जाळी आहे, फोटोत जाळी आहे, कामाच्या जागी जाळी नाही. फायबरचं हे सुख आहे की ते वरही असतं, मधेही आणि खालीही, त्याच्यावर कोणी पाय देऊन त्याला खाली बसवू शकत नाही.

आणि ही काही नवीन अक्कल नाही. माझ्या आजीचं घर काटोलकडे, तुराट्यांचा कुड आणि त्यावर माती. त्या मातीत शेण आणि कुटार, म्हणजे भुसा, कालवलेलं असायचं, आम्ही पोट्टे गुडघ्यापर्यंत उतरून ते तुडवायचो आणि वर शिव्या खायचो कारण तुडवण्यापेक्षा उड्याच जास्त. एकदा काकाने घाईत कुटार न टाकताच मागची भिंत लिंपली, आठ दिवसांत नकाशासारख्या भेगा. आजी एवढंच म्हणाली, "मातीले धराले काही पाह्यजे ना रे." फायबर काँक्रीटवर मी नंतर जे काही वाचलं त्याचं सार हेच. १८७४ साली कॅलिफोर्नियात बेरार्ड नावाच्या माणसाने काँक्रीटमध्ये लोखंडाचा भंगार चुरा घालायचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे पहिल्या पेटंटातच भंगार होतं बघा. मग १९६३ मध्ये अमेरिकेत रोमुआल्डी आणि बॅट्सन यांनी दाखवलं की तारा एकमेकींच्या पुरेशा जवळ असल्या तर बारीक भेगेला पुढे पळायला वाव मिळत नाही, ती जागीच अडते. तिथून स्टील फायबरचा धंदा सुरू झाला.

बाजारात नवीन फायबर मिळतं ते साधारण ६० एमएम लांब, पाऊण ते एक एमएम जाड, दोन्ही टोकांना हूक. गोंदाने पट्टीसारखं चिकटवलेलं येतं आणि ओल्या मालात गेलं की सुटतं, त्यामुळे गुंता होत नाही. हे गोंदाचं मला तेव्हा बिनकामाचं वाटलं होतं. नंतर कळलं की अर्धी किंमत त्या सुटसुटीतपणाचीच आहे.

टायरचा विषय वाडीत निघाला तो योगायोगाने. गोडाऊनचे मालक स्वतः ट्रान्सपोर्टवाले, आपण त्यांना भाऊ म्हणू. नागपूर म्हणजे झिरो माईलचं गाव, काश्मीर-कन्याकुमारी आणि सुरत-कोलकाता हे दोन्ही हायवे इथेच एकमेकांना कापतात, तेव्हा ट्रक आणि टायर यांची काय कमी. भाऊंच्या आवारात मागे टायरचा ढीग, पावसाळ्यात त्यात पाणी, पाण्यात डास, महापालिकेच्या नोटिशीची भीती वेगळीच. मी त्यांना सहज बोललो की इंग्लंडमध्ये शेफील्ड युनिव्हर्सिटीने टायरमधल्या तारा काँक्रीटमध्ये वापरण्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. भाऊ म्हणाले, "म्हणजे माझेच टायर माझ्याच फ्लोअरमध्ये?" मी म्हटलं तुमचेच नाही, पण कोणाचे तरी. ते खूश. आणि मी अडकलो.

ट्रकच्या टायरमध्ये वजनाच्या पाव हिश्श्याच्या आसपास स्टील असतं. रेडियल टायरमधली बारीक कॉर्ड वेगळी आणि रिमला धरून बसणारी जाड बीड वायर वेगळी. या कॉर्डचं स्टील साधं नाही, त्याची ताणाची ताकद २००० एमपीएच्या वर जाते, आपली फे ५०० सळई, म्हणजे ५०० एमपीएची, त्याच्यापुढे पोरगी. ते दोन रस्त्यांनी बाहेर काढतात. एक म्हणजे टायर थंडच बारीक करायचा आणि चुंबकाने तारा ओढून घ्यायच्या, यात तारेला रबर चिकटून राहतं. दुसरं पायरोलिसिस, म्हणजे हवा न लागू देता टायर तापवायचा, तेल आणि कार्बन निघतो, मागे तारा उरतात, यात रबर राहत नाही पण तारा काजळी लावून येतात. जुन्या पद्धतीचे पायरोलिसिसचे प्लांट धूर आणि वासासाठी बदनाम आहेत ते काही उगाच नाही. २०२२ च्या जुलैत केंद्राचा नियम आला, टायर बनवणाऱ्या कंपन्यांवर जुन्या टायरची जबाबदारी टाकली आणि पायरोलिसिसचं तेल काढायला परदेशातून भंगार टायर आणायला बंदी घातली. त्यानंतर तारांचा माल विकणारे लोक जरा सरळ बोलायला लागले असं माझं आपलं मत.

मी ज्या पार्टीकडून माल घेतला तिचं नाव घेत नाही. फोनवर सांगितलं, साहेब एकदम क्लीन माल. आला तो २० किलोच्या पोत्यांत आणि पोतं उघडलं तर स्वयंपाकघरातला भांडी घासायचा तारेचा गोळा असतो ना, तसा पोतंभर एकच गोळा. वर रबराचा चुरा वेगळा. परत पाठवायला पाहिजे होता. पण आरएमसीची, म्हणजे प्लँटवरून येणाऱ्या तयार काँक्रीटची, गाडी रात्रीची बुक झालेली, एप्रिलचा शेवट, दिवसा ४४ डिग्री, भाऊंचे रॅक पंधरा दिवसांत येणार. म्हटलं मिक्सरमध्ये फिरेल तेव्हा सुटेल. हे वाक्य मी माझ्या मनाशी बोललो आणि तिथेच नुकसान झालं.

मिस्त्री माझ्याकडे चौदा वर्षांपासून आहेत. त्यांनी पोत्यात हात घालून पाहिला, हात बाहेर काढला, बोटाचं रक्त पुसलं आणि म्हणाले, "साहेब, हे असंच टाकाचं?" मी म्हटलं हो. ते म्हणाले, "याचे तं गोये होतीन." मी म्हटलं, नाही होत, गाडीचा ड्रम जोरात फिरवू.

आता हिशोब सांगतो म्हणजे पुढचं कळेल. गोडाऊन ४० बाय ६० फूट, सहा इंच जाडी, म्हणजे साधारण ३४ घनमीटर माल. घनमीटरला ३० किलो फायबर धरलं तर एकूण एक टन. एका गाडीत ६ घनमीटर, म्हणजे गाडीमागे १८० किलो, नऊ पोती. ही नऊ पोती आम्ही शिडीवर उभं राहून टीएमच्या, म्हणजे फिरत्या ड्रमच्या गाडीच्या, तोंडात सात-आठ मिनिटांत रिकामी केली. पहिली दोन मिनिटं ड्रमचा आवाज नेहमीसारखा, मग आतून धप धप असा आवाज यायला लागला, जसं कोणी ओल्या गोधड्या आपटतंय. ड्रायव्हर खाली उतरून माझ्याकडे बघायला लागला.

शूट, म्हणजे माल ओतायची गाडीची मागची पन्हळ, उघडलं तर आधी काहीच येईना. मग पातळ पाणी आलं. मग एकदम धपकन नारळाएवढा गोळा, त्याच्यामागे दुसरा, तिसरा. बाहेरून सिमेंटचं पाणी, आत फोडून पाहिलं तर कोरड्या तारांचं घरटं, आत ना गिट्टी गेलेली ना रेती. पुस्तकात याला बॉलिंग म्हणतात, आमच्या साईटवर त्या दिवसापासून लाडू. स्लम्प, म्हणजे मालाचा सैलपणा, गाडी आली तेव्हा चांगला होता, फायबर गेल्यावर माल आखडून बसला, आणि मी, चौदा वर्षं लेबरला वरून पाणी मारू नका म्हणून ओरडणारा माणूस, मीच ड्रायव्हरला म्हणालो की थोडं पाणी मार. पाणी मारल्यावर माल सैल झाला, लाडू तसेच राहिले. रात्री दीड वाजता आम्ही सहा जण हातमोजे घालून ओल्या काँक्रीटमधून लाडू वेचत होतो, आणि हातमोजे चारच जोड होते. एका पोराच्या चपलेतून तार आरपार गेली, त्याला रात्रीच घेऊन जाऊन टिटॅनसचं इंजेक्शन दिलं. बाकीच्या गाड्या फोन करून थांबवल्या.

आठ दिवसांनी ते पॅनल फोडायला घेतलं. जागोजागी पोकळ, कडेला मधाच्या पोळ्यासारखं. मला वाटलं एवढं वाईट काँक्रीट आहे, ब्रेकरवाला दोन तासांत उडवेल. त्याला पूर्ण दिवस लागला. छिन्नी घुसायची, भेग पडायची, पण तुकडा सुटायचाच नाही, तारांनी धरून ठेवलेला, हाताने ओढला की लोंबकळायचा. दुपारी तो मशीन टेकवून बसला आणि म्हणाला, "साहेब, हे फुटून रायलं पन तुटून नाही रायलं."

मी तिथेच उभा राहिलो. माझ्या सगळ्यात बेकार पॅनलने मला दाखवून दिलं की माल खोटा नाही, मी चुकलो. फायबरमुळे काँक्रीट फुटायचं थांबत नाही, क्यूबची, म्हणजे दाबाची, ताकदही फारशी वाढत नाही, त्याचा गुण हाच की भेग पडल्यानंतरही ते धरून ठेवतं. फुटतं पण तुटत नाही. इंजिनीअर लोक याला पोस्ट क्रॅक स्ट्रेंथ, टफनेस वगैरे म्हणतात, ब्रेकरवाल्याने एका ओळीत सांगितलं.

मग ओळखीच्या एका सरांना धरलं, ते कॉलेजमध्ये शिकवतात आणि त्यांची लॅब दुपारनंतर मोकळी असते. आधी त्यांनी मला अर्धा तास हसून घेतलं. मग सांगितलं की दर वर्षी फायनल इयरची पोरं माणसाच्या केसांचं फायबर काँक्रीट हा प्रोजेक्ट घेऊन येतात, सलूनमधून पोती भरून केस आणतात, तुझं त्यापेक्षा बरं आहे. आम्ही १५० बाय १५० बाय ७०० चे बीम टाकले. काही साधे, काही नुसत्या टायरच्या तारेचे, काही अर्धं नवीन हूकवालं फायबर आणि अर्ध्या टायरच्या तारा असे.

साधा बीम मशीनवर ठेवला, लोड वाढत गेला आणि टक्क. बंदुकीसारखा आवाज, दोन तुकडे, सरांच्या चहाच्या कपात धूळ. टायरच्या तारेचा बीम तेवढ्याच लोडला आला तेव्हा आवाज नाही, खालून एक केसाएवढी रेघ वर सरकली आणि थांबली. लोड थोडा पडला आणि तिथेच टिकला. जवळ वाकून पाहिलं तर त्या रेघेत तारा दिसत होत्या, आडव्या, जखमेच्या टाक्यांसारख्या, आणि मशीन दाबत होतं तसतशी एकेक तार टिक टिक करत सरकत होती. मी तो आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केला, बायकोला ऐकवला, ती म्हणाली यात काय आहे. मिश्र बीम सगळ्यात बरा निघाला, भेग रुंद झाली तरी धरून होता. सर म्हणाले अपेक्षितच आहे, परदेशात पण असंच दिसलंय, बारीक तारा बारीक भेगेला धरतात, लांब हूकवाल्या रुंद झालेल्या भेगेला धरतात.

मी घरी येऊन हिशोब केला. ६० एमएम लांब, ०.९ एमएम जाड नवीन फायबर ३० किलो म्हणजे जवळपास १ लाख तारा. टायरची तार ०.२ एमएम जाड आणि २० एमएम लांब धरली तर त्याच ३० किलोत ६० लाख. एका घनमीटरमध्ये ६० लाख तारा! म्हणून तर त्या एवढ्या चांगल्या धरतात आणि म्हणूनच लाडू होतात, गुण आणि दोष एकाच जागी आहेत.

दुसरी वेळ. त्याच पार्टीचा उरलेला माल, पण आता चाळणी. रेती चाळायची उभी जाळी असते ना, तीच आडवी बांधली, चार कोपऱ्यांना दोर, दोन बाजूंनी दोन बाया हलवणार आणि मिस्त्री वरून काट्याने गुंता विंचरणार. बागकामाचा पंजासारखा काटा, इतवारीतून आणला. सुटी तार खाली पडते, गुंता वर राहतो, तो बाजूला. जाळीखाली ताडपत्री आणि तिथे भंगारवाल्याकडून आणलेलं स्पीकरचं मोठं चुंबक फिरवायचं, तार चुंबकाला येते आणि रबराचा चुरा खाली राहतो. रबर जास्त गेलं तर काँक्रीटची ताकद कमी होते आणि तारेवर रबराचा थर असला की सिमेंट धरत नाही, म्हणून हे टाळता येत नाही. काजळीवाला माल असेल तर मूठभर बादलीत ढवळून बघायचा, पाणी किती काळं होतं त्यावरून भाव ठरवायचा. एक टन माल घेतला होता त्यातला गुंता, रबर आणि अगदी भुगा झालेले तुकडे काढून बराच कमी भरला, पण आता अर्धाच लागणार होता, बाकी अर्धं नवीन हूकवालं. तीन माणसं, तीन दिवस.

मिक्समध्ये २० एमएम गिट्टी कमी केली आणि १० एमएम आणि रेती वाढवली, म्हणजे तारांना फिरायला मसाला मिळतो. पाणी एक थेंब नाही, त्याऐवजी प्लँटवरच माल सैल करायचं केमिकल वाढवून घेतलं. आणि फायबर टाकताना पोतं उपडं नाही करायचं. घमेल्यात घ्यायचं, उंचावरून पोह्यांवर शेव भुरभुरतो तसं भुरभुरायचं, ड्रम फुल स्पीडवर, एका मिनिटाला एक-दोन घमेली, घाई नाही. एका गाडीला पाऊण तास जातो. ड्रायव्हर चिडतो, त्याला तर्री-पोहे खाऊ घालायचे.

मेच्या शेवटी रात्री दहाला सुरू केलं. आपल्याकडे ४० डिग्रीच्या वर काँक्रीट टाकायचं म्हणजे उन्हातल्या काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस ७८६१, वेगळंच सांभाळावं लागतं, त्यामुळे रात्रीच बरी, वर पत्रे चढले होते आणि कूलर लावून बसलेल्या जनतेच्या झोपेत आमचं काम. शूट उघडलं, मी श्वास धरून. माल आला, करडा, तारांचा, पण एकसारखा. मिस्त्रींनी थापीवर घेऊन पाहिला आणि काही बोलले नाहीत, म्हणजे चांगला होता. पूर्ण गाडीत लाडू निघाले ते दोन, लिंबाएवढे.

पाटा मारला, व्हॅक्युम घेतला, वरून हार्डनर शिंपडून पॉवर ट्रॉवेल मारलं म्हणजे तारा खाली दबतात. तरीही कुठेकुठे दाढीच्या खुंटासारख्या वर आल्याच, त्या सकाळी पक्कडने काढल्या. सकाळीच ग्रूव्ह कटिंग, म्हणजे भेग ठरल्या रेषेतच पडावी म्हणून कटरने खाचा, जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. फायबर आहे म्हणून जॉइंट कापायचे नाहीत असं काही लोक करतात, मी ती हिंमत केली नाही. मग सात दिवस गोणपाट आणि तराई, म्हणजे फ्लोअर सतत ओला ठेवणं. त्या उन्हात तराई चुकली असती तर ६० लाख काय ६ कोटी तारांनी काही वाचवलं नसतं. आणि वाडीतली काळी माती आधी खोदून मुरूम भरून रोलर मारला होता, तेही सांगतो, कारण खालची जमीन फुगली की वरचं फायबर काय करणार.

आता पैसा आणि पर्यावरण, जे सगळे आधी विचारतात. आठ एमएमची जाळी आठ इंचांवर दोन्ही बाजूंनी बांधली असती तर या गोडाऊनला जोडांवरचा लॅप धरून साडेनऊशे किलो सळई लागली असती. फायबर लागलं एक टन. म्हणजे स्टील काही कमी झालं नाही, फक्त अर्धं सेकंडहँड झालं. तारांचा भाव नवीन फायबरच्या निम्म्याहून कमी होता, पण चाळणीची मजुरी आणि केमिकल धरलं तर बचत तोंडाला पानं पुसण्याइतकीच. खरा फायदा झाला तो जाळी बांधायचे दोन दिवस वाचले आणि गाडी थेट आत जाऊन माल ओतू शकली हा.

कार्बनचं बोलायचं तर मला जरा कडूच बोलावं लागेल. भट्टीत खनिजापासून एक टन स्टील काढायला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, त्या हिशोबाने अर्ध्या टनात एक टन वाचला असं ब्रोशरमध्ये लिहिता येईल. पण जालना-रायपूरकडची सळई बरीचशी भंगार मिसळूनच बनते, आणि टायरच्या तारा तशाही कचऱ्यात पडून नसतात, भंगारवाला त्या भट्टीलाच विकतो. तेव्हा वाचलं ते परत वितळवण्याचं इंधन. ते काही कमी नाही, पण त्याच फ्लोअरमध्ये अकरा टन सिमेंट गेलंय, आणि या सगळ्यातला मोठा धूर तिथला आहे. त्यावर तारांचा उपाय नाही, त्यावर थोडं सिमेंट काढून त्याजागी टाकायची फ्लाय ॲश, म्हणजे वीज केंद्रातल्या कोळशाची बारीक राख, आहे, आणि ती आपल्या कोराडी-खापरखेड्याच्या राखेत ढिगाने पडलीय. ग्रीन फ्लोअर करायचा असेल तर आधी पीपीसी, म्हणजे फ्लाय ॲशवालं सिमेंट, मागा आणि जाडी उगाच वाढवू नका, तारा नंतर. भाऊंना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बोर्डवर टायरच लिहितो, राख कोण वाचते."

प्लास्टिकवाल्यांचं पण बरेच जण विचारतात. बाटल्यांचं पीईटी सिमेंटच्या क्षारात हळूहळू खराब होतं, पॉलिप्रॉपिलीन टिकतं. ऑस्ट्रेलियात जेम्स कुक युनिव्हर्सिटीने जुन्या पॉलिप्रॉपिलीनचे फायबर बनवून फुटपाथमध्ये जाळीऐवजी वापरायचं काम केलंय, ते चांगलं आहे. आमच्या मिस्त्रींनी यावरून सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांच्या पट्ट्या कापून एका नालीच्या झाकणात टाकल्या, पोतं पॉलिप्रॉपिलीनचंच असतं ना. झाकण फोडून पाहिलं तर पट्ट्या सरसर सुटून आल्या, गुळगुळीत असल्याने पकडच नाही. पण डोकं चालवलं त्यांनी, मी तर शंभर रुपये बक्षीस दिलं.

आणि कृपा करून घराच्या स्लॅबमध्ये, बीममध्ये, कॉलममध्ये सळई कमी करून हे टाकू नका. मला दोघांनी विचारलंय, म्हणून लिहितोय. जमिनीवरचा फ्लोअर, पार्किंग, पेव्हर, कंपाउंडच्या आतला रस्ता इथपर्यंत ठीक. फायबरच्या रस्त्यांसाठी आयआरसीचं, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसचं, एसपी ४६ हे मार्गदर्शक पुस्तक आहे, ते नवीन फायबर समोर धरून लिहिलंय, तेव्हा टायरच्या तारा वापरायच्या तर आपल्या मालाचे बीम आपणच तोडून बघायचे. भाऊंच्या रॅकखालचं डिझाईनही सरांकडून तपासूनच घेतलं होतं.

पहिल्या पावसाळ्यानंतर भाऊंचा फोन आला, फ्लोअरला गंज लागला म्हणे. गेलो. शटरच्या आतल्या बाजूला, जिथे पावसाचं पाणी उडतं, तिथे तपकिरी ठिपके, मोहरीएवढे. वरची तार गंजते, आतली नाही, आत सिमेंटचा क्षार तिला सांभाळतो. एक ठिपका छिन्नीने उकरून दाखवला, दोन-तीन एमएमखाली तार चकचकीत, पितळी झाक अजून तशीच. भाऊ खाली बसून बराच वेळ ते बघत होते. आता गिऱ्हाईक आलं की तो उकरलेला खड्डाच दाखवतात.

जानेवारीत बुटीबोरीला एक पार्किंगचं काम आहे, तिथे परत टाकायचं ठरतंय. या वेळी पार्टी बदललीय, आधी पोतंभर नमुना मागवलाय. काल मिस्त्रींना फोन करून सांगितलं की चाळणी काढून ठेवा. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "चाळाचे पोत्यामागं किती देसान?" मी म्हटलं चाळीस. ते म्हणाले पन्नास, अन हातमोजे सगळ्याइले. मी म्हटलं बरं.